चॉसरवर पोट भरते का?

मध्ययुगीन इंग्रजी साहित्य आणि तत्त्वज्ञान हा विषय घेऊन आयुष्य काढायचे म्हणजे नेमके काय करायचे, असे हल्ली इंग्लंड-अमेरिकेतल्या विद्यापीठांतही विचारले जाते. विचारण्यात कुतूहल कमी आणि हिशेब जास्त असतो. इ. स. ७०० ते १५०० या आठ शतकांतले लेखन, तेही बरेचसे निनावी. ते वाचायचे तर जुनी इंग्रजी, मधली इंग्रजी, लॅटिन आणि इंग्लंडात रुळलेली नॉर्मन फ्रेंच यायला हवी. हस्तलिखिताचे अक्षर लावता आले पाहिजे. आणि हे सगळे जमल्यावर, तिशी ओलांडताना, वर्षा-दोन वर्षांच्या करारावर नोकऱ्या शोधत गावोगाव हिंडायची तयारी हवी. एवढा खटाटोप करणारे लोक आजही आहेत. दीडशे वर्षांत या मंडळींनी काय उभे केले, कशावरून भांडले, आज त्यांचे घोडे कुठे अडले आहे आणि आपल्याकडच्या एखाद्या विद्यार्थ्याने या वाटेला जावे का, हे इथे पाहायचे आहे.

पाया घातला हौशी लोकांनी

ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन भाषेचे रॉलिन्सन अध्यासन १७९५ पासून होते. पण एका अध्यासनाने पेशा उभा राहत नाही. खरी सुरुवात केली फ्रेडरिक फर्निव्हल या वकिलाने. १८६४ मध्ये त्याने अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी काढली. वर्षाला एक गिनी वर्गणी, आणि जमलेल्या पैशांतून जुनी हस्तलिखिते छापायची, असा सरळ व्यवहार होता. निकडही होती. पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी म्हणून गाजलेल्या कोशाचे काम तेव्हा चालू होते, त्याला जुन्या शब्दांचे दाखले हवे होते आणि ज्यांतून दाखले काढायचे ती पुस्तके छापलेलीच नव्हती. फर्निव्हलला संस्था काढायचा नादच होता. १८६८ मध्ये त्याने चौदाव्या शतकातल्या कवी चॉसरच्या नावाने चॉसर सोसायटी काढली, १८८२ मध्ये धर्मसुधारक विक्लिफच्या नावाने विक्लिफ सोसायटी.

त्याच्या बरोबरीचा वॉल्टर स्कीट हा शिक्षणाने गणिती आणि व्यवसायाने पाद्री. त्याने लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या दीर्घकाव्याच्या पन्नासेक हस्तलिखितांच्या गुंत्यातून तीन वेगवेगळी रूपे निवडून काढली. १८७८ मध्ये तो केंब्रिजला अँग्लो-सॅक्सनचा प्राध्यापक झाला आणि १८९४ मध्ये त्याने चॉसरचे समग्र लेखन सहा खंडांत आणले. म्हणजे आज ज्या मजकुरावर प्रबंध लिहिले जातात, त्यातला मोठा भाग विद्यापीठात इंग्रजीचे विभाग नीट उभे राहण्यापूर्वीच, हौशी आणि अर्धवेळ लोकांनी छापून ठेवला होता.

ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी सुरू झाली ती १८९४ मध्ये, केंब्रिजमध्ये १९१७ मध्ये. विरोधकांचा सूर असा होता की, कादंबऱ्या आणि कविता वाचायला विद्यापीठ कशाला? ते तर माणूस आरामखुर्चीत बसूनही वाचतो. या टोमण्याला उत्तर म्हणून भाषाशास्त्र आणि जुनी इंग्रजी अभ्यासक्रमात घातली गेली. विषय अवघड आहे, घोकावा लागतो, परीक्षेत नापास होता येते, एवढे सिद्ध झाले की तो विद्यापीठात शोभतो! मध्ययुगीन साहित्याच्या प्राध्यापकांना पुढची साठ-सत्तर वर्षे जी सुरक्षित नोकरी मिळाली, तिच्या मुळाशी ही सक्तीची प्रश्नपत्रिका होती. विषयाचे प्रेम हा त्या नोकरीचा आधार कधीच नव्हता. सक्ती सैल झाली तसा पायाखालचा दगडही हलला.

त्या सुरक्षित काळातली दोन आयुष्ये पाहण्यासारखी आहेत. जे. आर. आर. टॉल्किन याने युद्धावरून परतल्यावर १९१९-२० मध्ये ऑक्सफर्ड कोशासाठी डब्ल्यू अक्षरातल्या शब्दांवर काम केले, मग लीड्स विद्यापीठात शिकवले, १९२५ मध्ये ई. व्ही. गॉर्डनसोबत ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ची संपादित आवृत्ती काढली आणि त्याच वर्षी तो ऑक्सफर्डला रॉलिन्सन अध्यासनावर गेला. १९३६ मध्ये ब्रिटिश अकादमीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्याने जुन्या इंग्रजीतले ‘बेओवुल्फ’ हे इतिहासाचे खाणकाम करायचे ठिकाण नसून ती एक कविता आहे, असे ठणकावून सांगितले. त्यानंतर त्या काव्यावर लिहिणाऱ्या कुणालाही या व्याख्यानाकडे डोळेझाक करता आलेली नाही.

दुसरा सी. एस. लुइस. त्याचे पहिले शिक्षण अभिजात भाषा आणि तत्त्वज्ञानाचे. नोकरीची खात्री वाटेना म्हणून त्याने इंग्रजीचीही पदवी घेतली. १९२४-२५ मध्ये एका प्राध्यापकाच्या रजेच्या जागी त्याने वर्षभर तत्त्वज्ञान शिकवले आणि नंतर मॉडलिन कॉलेजात इंग्रजीची जागा मिळवली. १९३६ चे ‘द ॲलेगरी ऑफ लव्ह’ आणि मृत्यूनंतर १९६४ मध्ये निघालेले ‘द डिस्कार्डेड इमेज’ ही त्याची पुस्तके तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसानेच लिहावीत अशी आहेत. १९५४ मध्ये केंब्रिजने मध्ययुग आणि प्रबोधनकाळाच्या साहित्याचे नवे अध्यासन निर्माण करून त्याला बोलावले. तात्पुरत्या जागेवर सुरुवात करून अध्यासनापर्यंत पोहोचण्याची ही चढण तेव्हा होती. आज तिची पहिली पायरी शाबूत आहे, पुढच्या गळल्या आहेत.

कोंबडा, कोल्हा आणि दैव

या साहित्यात तत्त्वज्ञान कुठून आले, हा प्रश्न विभागांच्या दारावरच्या पाट्या वाचून पडतो. चौदाव्या शतकातल्या वाचकाला तो पडला नसता. बोएथियस या रोमन तत्त्ववेत्त्याने ५२४ च्या सुमारास तुरुंगात, मृत्युदंडाच्या छायेत लिहिलेले ‘तत्त्वज्ञानाचे सांत्वन’ घ्या. राजा आल्फ्रेडच्या नावाशी जोडलेले त्याचे जुने इंग्रजी रूप आहे, चॉसरने १३८० च्या सुमारास ते गद्यात आणले, आणि १५९३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीने स्वतः त्याचे भाषांतर केले. पुढे घडणारे सगळे देवाला आधीच ठाऊक असेल तर माणसाच्या हातात काय उरते, हा त्यातला कळीचा प्रश्न. चॉसरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेडे’मध्ये प्रेयसी दुरावणार हे कळल्यावर ट्रॉयलस देवळात एकटा बसून हाच युक्तिवाद घोळवत राहतो. गंमत अशी की बोएथियसने या कोड्याला दिलेले उत्तर त्याला सुचतच नाही. तो पूर्वपक्षापाशीच अडकतो. उत्तर चॉसरला ठाऊक होते, त्याने पुस्तकच मराठीतल्या आपल्या जुन्या टीकाकारांसारखे ओळीओळीने आपल्या भाषेत आणले होते. मग नायकाला ते का दिले नाही? या एका प्रश्नावर साहित्याच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी मिळून ढीगभर लिहिले आहे.

याहून मजेशीर चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’ या कथासंग्रहातली ‘नन्स प्रीस्ट्स टेल’. एका गरीब विधवेच्या अंगणात शाँटक्लीर नावाचा कोंबडा आहे. आपल्याला एक हिंस्र जनावर धरणार असे त्याला स्वप्न पडते. त्याची लाडकी कोंबडी पर्टेलोट म्हणते, पोट बिघडले असेल, रेचक घे. कोंबडा विद्वान, तो स्वप्नांच्या खरेपणाचे दाखल्यांवर दाखले देतो आणि शेवटी बायकोच्या रूपावर भाळून अंगणात उतरतो. इथे निवेदक गोष्ट थांबवून म्हणतो की हे अटळ होते का, यावर विद्यापीठांत फार मोठा वाद आहे, आणि संत ऑगस्टीन, बोएथियस व बिशप ब्रॅडवर्डिन यांची नावे घेऊन कबूल करतो की हा पेंढा पाखडणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. मग पुन्हा कोंबडा, कोल्हा आणि पाठलाग.

या विनोदातला ब्रॅडवर्डिन हा ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातला गणिती आणि धर्मचिंतक. १३४९ मध्ये तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि काही आठवड्यांतच प्लेगने गेला. माणसाच्या इच्छास्वातंत्र्याला फाजील महत्त्व देणाऱ्या समकालीनांविरुद्ध त्याने लॅटिनमध्ये एक अवाढव्य ग्रंथ लिहिला. तो वाचायला अभ्यासकाला आजही १६१८ मध्ये हेन्री सॅव्हिलने छापलेली प्रत उघडावी लागते. कोंबड्याच्या गोष्टीतल्या एका नावाची टीप लिहायची तर एवढे पाणी तोडावे लागते.

चॉसर स्वतः विद्यापीठात शिकल्याचा पुरावा नाही. तो लंडन बंदरात जकातीच्या कचेरीत काम करणारा माणूस. मग त्याला हे वाद कळले कसे? एक धागा त्यानेच दिला आहे. ‘ट्रॉयलस’ त्याने कवी गॉवर आणि तत्त्वज्ञ स्ट्रोड या दोघांना अर्पण केले. हा राल्फ स्ट्रोड म्हणजे मर्टन कॉलेजातला तर्कशास्त्रज्ञ, विक्लिफशी वाद घातलेला, आणि पुढे लंडन शहराचा कायदा-अधिकारी झालेला माणूस, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चॉसर ऑल्डगेट वेशीवरच्या घरात राहत होता, स्ट्रोड ऑल्डर्सगेटच्या. विद्यापीठातला वाद शहरात यायला फार लांबचा रस्ता लागत नव्हता.

आजच्या विद्यापीठात मात्र हा रस्ता बंद आहे. तत्त्वज्ञानाच्या बऱ्याच विभागांत अॅक्वायनसनंतर एकदम देकार्त येतो, मधली चारशे वर्षे गाळलेली. इंग्रजी विभागात लॅटिन तर्कशास्त्र शिकवायला माणूस नसतो. ही दरी बुजवण्याचे काम काही मोजक्या ठिकाणी झाले. एत्येन जिल्साँ या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या पुढाकाराने १९२९ मध्ये टोरोंटोत मध्ययुगाच्या अभ्यासाची संस्था सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट बोनाव्हेंचर विद्यापीठात फ्रान्सिस्कन संशोधकांनी १९६७ ते १९८८ या काळात चौदाव्या शतकातल्या ओकमच्या विल्यमचे तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र १७ खंडांत संपादून काढले. साहित्याच्या बाजूने ए. जे. मिनिस यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले की बायबलवरच्या लॅटिन भाष्यांच्या प्रस्तावनांतच मध्ययुगाचा साहित्यविचार दडलेला आहे. १९९५ मध्ये निकोलस वॉटसन यांनी नॉरिचच्या ज्युलियनसारख्यांचे लोकभाषेतले लेखन हे अस्सल धर्मचिंतन आहे, नुसता भक्तिभाव नाही, असा मुद्दा मांडला, आणि १४०९ च्या आर्चबिशप अरंडेलच्या निर्बंधांनी त्याचा गळा दाबला असेही म्हटले. या दुसऱ्या भागावर अजून खडाजंगी चालते. लोकभाषेत ब्रह्मविद्या सांगावी की नाही हा वाद ज्ञानेश्वर-एकनाथांमुळे आपल्याला परका नाही, त्यामुळे मराठी वाचकाला यातली ठिणगी लगेच कळेल.

रोजचे काम

या पेशाबद्दल बाहेरच्यांची समजूत अशी की माणूस खुर्चीत बसून जुन्या कविता वाचतो. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ कविता कोणती, हे ठरवण्यात जातो. ‘बेओवुल्फ’ हे ३१८२ ओळींचे काव्य जगात एकाच हस्तलिखितात आहे. १७३१ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ॲशबर्नम हाउसमध्ये कॉटन संग्रहाला आग लागली, तेव्हा त्याच्या कडा भाजल्या आणि नंतर त्या झडत राहिल्या. १७८७ च्या सुमारास थोर्केलिन या आइसलंडच्या विद्वानाने केलेल्या आणि करून घेतलेल्या नकलांमुळे आज न दिसणारी अनेक अक्षरे आपल्याला ठाऊक आहेत. ‘सर गवेन’ आणि ‘पर्ल’ यांच्यासह चार काव्येही अशीच एका हस्तलिखितात उरली. ती लिहिणारा कवी कोण, हे आजवर कळलेले नाही.

हाताने लिहिलेले अक्षर लावणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. गॉथिक वळणात एम, एन, यू आणि आय ही अक्षरे सारख्याच उभ्या दांड्यांची बनतात. सात-आठ दांड्या ओळीने आल्या की तो शब्द कोणता, हे भाषा येत असल्याशिवाय सांगता येत नाही. त्यात संक्षेपाच्या खुणा आणि लेखनिकाच्या बोलीप्रमाणे बदलणारे स्पेलिंग. या स्पेलिंगच्या सवयींवरूनच हस्तलिखित कोणत्या परगण्यातले हे सांगणारा भाषिक नकाशासंग्रह स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी १९५२ मध्ये हाती घेतला. तो छापून आला १९८६ मध्ये. मिशिगन विद्यापीठाचा मध्य इंग्रजीचा कोश कित्येक दशकांच्या कामानंतर २००१ मध्ये पुरा झाला आणि आज तो कुणालाही फुकट पाहता येतो. टोरोंटोतला जुन्या इंग्रजीचा कोश १९७० पासून चालू आहे आणि वर्णमालेच्या शेवटाला अजून पोहोचलेला नाही.

या चिकाटीची किंमत कळायला शिकागोचे उदाहरण पुरे. जॉन मॅनली आणि एडिथ रिकर्ट या दोघांनी पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करासाठी गुप्त संदेश फोडायचे काम केले होते. १९२४ मध्ये त्यांनी ‘कँटरबरी टेल्स’च्या ऐंशीहून अधिक हस्तलिखितांच्या छायाप्रती जमवून ओळ न ओळ ताडून पाहायला घेतली. रिकर्ट १९३८ मध्ये गेल्या. आठ खंड १९४० मध्ये निघाले आणि मॅनलीही त्याच वर्षी गेले. पुढच्या पिढीने, विशेषतः जॉर्ज केन यांनी, त्यांची पद्धत आणि निष्कर्ष दोन्ही धारेवर धरले. पण त्यांनी जमवलेली माहिती टाळून कुणाला पुढे जाता आले नाही. साधारण याच वर्षांत पुण्यात भांडारकर संस्थेत वि. स. सुखटणकर महाभारताच्या पाठांची अशीच छाननी करत होते. मूळ युरोपीय पद्धत दोन्हीकडे एकच, आणि जिथे ती पद्धत पोथ्यांच्या सरमिसळीपुढे हात टेकते, ती अडचणही एकच.

भांडणे कशावरून झाली

विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला वाद प्रिन्स्टनचे डी. डब्ल्यू. रॉबर्टसन आणि येलचे ई. टॅल्बट डोनाल्डसन यांच्यातला. रॉबर्टसन यांचे १९६२ चे ‘अ प्रीफेस टू चॉसर’ सांगते की मध्ययुगातला वाचक सगळे ऑगस्टीनच्या चष्म्यातून वाचत असे. प्रत्येक गोष्ट शेवटी देवावरच्या प्रेमाची शिकवण देते किंवा वासनेचा धिक्कार करते. डोनाल्डसन म्हणत, असे असेल तर चॉसरचे हसू, त्याची माणसे, त्याचा चावटपणा हे सगळे फोलपट ठरेल. कविता स्वतः काय करते ते आधी पाहा. आज रॉबर्टसनपंथी म्हणवून घेणारा विरळा, पण मध्ययुगाला आपल्या काळाच्या आवडीनिवडीत कोंबू नका, हा त्यांचा इशारा सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे. माझ्या मते वाद डोनाल्डसन यांनी जिंकला आणि विषय रॉबर्टसन यांनी घडवला.

१९७३ मध्ये जिल मान यांनी ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेतल्या व्यक्तिरेखा प्रत्यक्ष माणसांवरून उचललेल्या नसून, समाजातल्या थरांवर टीका करणाऱ्या लेखनाच्या परंपरेतून घडल्या आहेत, हे साधार दाखवले. १९८९ मध्ये कॅरोलिन डिनशॉ यांनी चॉसरकडे स्त्रीवादी नजरेने पाहिले. या वाचनात एका जुन्या कागदाला मोठे वजन होते. १८७३ मध्ये फर्निव्हलला १३८० चा एक दस्त सापडला होता. त्यात सेसिली शाँपेन नावाची स्त्री चॉसरला अपहरण किंवा बलात्कार असा अर्थ होऊ शकणाऱ्या आरोपातून मोकळे करते. दीडशे वर्षे चरित्रकारांनी यावर सारवासारव केली आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी ती सारवासारव उघडी पाडली. २०२२ च्या ऑक्टोबरात यूअन रॉजर आणि सेबास्टियन सोबेकी यांनी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्याच खटल्याचे आणखी कागद बाहेर काढले. त्यांवरून दिसते की चॉसर आणि सेसिली एकमेकांविरुद्ध उभे नव्हतेच. टॉमस स्टॉन्डन नावाच्या तिच्या आधीच्या मालकाने दोघांवर दावा लावला होता. सेसिलीने मुदतीआधी चाकरी सोडली आणि चॉसरने तिला कामावर ठेवले, ही त्याची तक्रार. प्लेगनंतर मजूर मिळेनासे झाले तेव्हा १३५१ मध्ये केलेल्या मजूर कायद्याखालचा तो दावा होता.

या शोधाने चॉसरला चारित्र्याचा दाखला मिळाला असे समजून टाळ्या वाजवणारे होते. तो अर्थ काढणे घाईचे आहे, आणि रॉजर-सोबेकींनीही तसा काढलेला नाही. स्त्रीवादी वाचनाने विचारलेले प्रश्न मजकुराबद्दलचे होते, ते एका दस्तामुळे निकालात निघत नाहीत. पण एवढे खरे की दीडशे वर्षांचा वाद ज्या कागदावर उभा होता, त्याच्या शेजारचा कागद तोवर कुणी उलगडलाच नव्हता. तो उलगडायला कायद्याची लॅटिन, न्यायालयीन अक्षर आणि अभिलेखागाराची ओळख असलेले दोन पगारी लोक लागले.

अलीकडचा वाद नावाचा आणि वंशाचा. अँग्लो-सॅक्सन या नावाला चिकटलेल्या वंशवादी छटेवरून रणे माजली आणि २०१९ मध्ये त्या नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मतदान घेऊन नाव बदलले. त्याआधी वर्षभर, २०१८ मध्ये, जेराल्डिन हेंग यांनी युरोपच्या मध्ययुगात वंशकल्पना कशा घडल्या यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. या वादात दोन्ही बाजूंनी आवाज चढला, पण विषयाला बाहेरचे वारे लागले, हे चांगलेच झाले.

जे आत नव्हते त्यांचे ऋण

मार्जरी केम्प ही मध्ययुगातली, लिन गावची, चौदा मुलांची आई. तिने सांगून लिहवून घेतलेले आत्मवृत्त पूर्ण स्वरूपात मिळाले ते १९३४ मध्ये, एका खानदानी इंग्रज घराण्याच्या कपाटात. ते ओळखले होप एमिली ॲलन यांनी. त्या अमेरिकी, ब्रिन मॉर, रॅडक्लिफ आणि न्यूनममध्ये शिकलेल्या, रिचर्ड रोल या एकांतवासी गूढवाद्याच्या लेखनावर १९२७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिलेल्या. विद्यापीठातली नोकरी त्यांनी कधीच केली नाही. १९४० मध्ये केम्पची आवृत्ती निघाली तेव्हा संहितेचे संपादन सॅनफर्ड मीच यांच्याकडे होते, ॲलन यांच्या वाट्याला काही टिपा आल्या. त्यांनी कबूल केलेला दुसरा खंड त्या १९६० मध्ये वारल्या तेव्हाही पुरा झाला नव्हता. घरचे थोडे उत्पन्न असलेल्या, पद नसलेल्या विदुषीने काय करता येते आणि काय करता येत नाही, याचे इतके चोख उदाहरण दुसरे नाही. ओळखणे एकटीने जमते. प्रचंड काम तडीला न्यायला सहायक, ग्रंथालय आणि वेळ लागतो.

आजचे घोडे कुठे अडले

साधने इतकी कधीच नव्हती. हस्तलिखितांच्या प्रतिमा पडद्यावर दिसतात. ट्रान्सक्रिबससारखी सॉफ्टवेअर हाताचे अक्षर वाचून टंकलिखित करतात, आणि ते तपासायला अक्षर येणारा माणूस लागतो. या सोयीचा भरवसा किती, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये कळले. ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला, ग्रंथालयाने पैसे दिले नाहीत, आणि डिजिटल हस्तलिखिते महिनोन्महिने दिसेनाशी झाली. अनेकांचे प्रबंध जागच्या जागी थांबले.

माणसांची स्थिती याहून नाजूक आहे. २०१० मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने पुरालिपीशास्त्राचे, देशातले त्या प्रकारचे एकमेव अध्यासन बंद करायचे ठरवले आणि जगभरातून निषेध झाला. २०१२ पासून इंग्लंडमध्ये पदवीची वार्षिक फी ९००० पौंडांपर्यंत गेली आणि मानव्यविद्यांचे सरकारी अध्यापन-अनुदान जवळजवळ आटले, म्हणजे विद्यार्थी किती येतात यावर विभागाचे आयुष्य ठरू लागले. संशोधनाच्या सरकारी मूल्यमापनात समाजावरच्या प्रभावाला २०१४ मध्ये २० टक्के आणि २०२१ मध्ये २५ टक्के वजन मिळाले. ब्रॅडवर्डिनच्या संपादनाचा समाजावर प्रभाव कसा दाखवणार? २०२१ मध्ये लेस्टर विद्यापीठाने चॉसर आणि ‘बेओवुल्फ’सह मध्ययुगीन साहित्याचे अध्यापन बंद करण्याचा प्रस्ताव आणला, तो नव्या, वसाहतवादमुक्त अभ्यासक्रमाच्या नावाखाली. हेंग यांच्यासारख्या संशोधकांनी मध्ययुगाचाच वंश आणि वसाहतींशी संबंध उलगडल्यावर हे कारण हास्यास्पद ठरते. खरे कारण पैशाचे होते, असे शिक्षक संघटनेने म्हटले आणि मलाही तसेच वाटते.

अमेरिकेत पीएच.डी.ला सहा ते आठ वर्षे सहज जातात. त्यानंतर कायम जागा निघालीच तर एका जागेला मध्ययुग, प्रबोधनकाळ आणि लेखनकौशल्याचे वर्ग असे सगळे एकत्र शिकवणारा माणूस हवा असतो. बाकीचे तासांवर शिकवतात. दर वर्षी मे महिन्यात मिशिगनमधल्या कॅलमझूला आणि जुलैत लीड्सला भरणाऱ्या परिषदांना गर्दी असते, पण त्या गर्दीतल्या किती जणांना पाच वर्षांनी या विषयात जागा असेल, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हौशी लोकांनी सुरू केलेला विषय पुन्हा हौशी लोकांकडे गेला तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. बिघडते ते असे: हस्तलिखित वाचणे पुस्तकावरून शिकता येत नाही, ते वाचणाऱ्याजवळ बसून शिकावे लागते. आपल्याकडे पेशवे दफ्तरात मोडीचे कोट्यवधी कागद पडून आहेत, आणि मोडी सराईत वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. कागद जपले म्हणजे ज्ञान जपले असे होत नाही, हे महाराष्ट्राला कुणी नव्याने सांगायला नको.

आपल्याकडच्या विद्यार्थ्याने काय करावे

महाराष्ट्रात इंग्रजी घेऊन एम. ए. करणाऱ्याची चॉसरशी गाठ पडते ती ‘प्रोलॉग’पुरती, आणि तीही नेव्हिल कॉगहिलच्या १९५१ च्या आधुनिक इंग्रजी अनुवादातून किंवा गाइडमधून. नेट परीक्षेच्या जुन्या अभ्यासक्रमात पहिलाच घटक ‘चॉसर ते शेक्सपिअर’ होता. त्यासाठी साल-नावे पाठ केली की भागत असे. इतक्या शिदोरीवर या पेशात उतरता येत नाही.

पण इथल्या विद्यार्थ्याजवळ एक गोष्ट आहे, जी तिकडच्याजवळ सहसा नसते. चॉसरच्या ‘पार्डनर्स टेल’मधली, सोन्यासाठी एकमेकांचा जीव घेणाऱ्या तिघांची गोष्ट पाली जातकांतल्या वेदब्भ जातकाशी जुळते. ‘बार्लाम आणि जोसाफाट’ या नावाने मध्ययुगीन इंग्रजीत फिरलेली संतकथा ही मुळात बुद्धाचे चरित्र आहे. ओकम आणि नव्यन्यायाचा गंगेश उपाध्याय साधारण एकाच काळातले, आणि दोघांच्या तर्कशास्त्रांची शेजारी-शेजारी ठेवून तपासणी करणारे लोक फार थोडे. ज्याला संस्कृत किंवा पाली येते आणि जो लॅटिन शिकायला तयार आहे, त्याला इथे जागा आहे.

तेव्हा हिशेब असा. या विषयावर पोट भरते, पण थोड्यांचे, आणि त्या थोड्यांत आपण असू हे धरून चालणे शहाणपणाचे नाही. पूर्ण शिष्यवृत्ती लेखी हाती आल्याशिवाय परदेशी जाऊ नका. कर्ज काढून तर मुळीच नको. जाण्याआधी दोन वर्षे लॅटिनला द्या, मिशिगनचा कोश आणि सार्वजनिक झालेली हस्तलिखिते घरबसल्या वाचायला लागा. त्यात रात्री कशा गेल्या ते कळले नाही, तर अर्ज करा. कंटाळा आला, तर आठ वर्षे वाचली असे समजा. आणि इथल्या विद्यापीठांना एकच सांगणे: चॉसर अभ्यासक्रमातून काढायचा असेल तर खुशाल काढा, पण ठेवणार असाल तर तो मूळ भाषेत शिकवणारा एक तरी माणूस पूर्ण पगारावर नेमा.